देश कमी, दिवस जास्त: कमी खर्चात अनेक देशांची भटकंती कशी आखावी

महिनाभरात दहा देश करायचे असा बेत घेऊन कुणी सल्ला विचारायला आलं, की मी आधी त्यांना यादीतले देश खोडायला लावते. दहाचे पाच करा, जमलं तर चार. चेहरे पडतात, पण कमी पैशांतल्या प्रवासाचं घोडं पेंड खातं ते नेमकं इथंच. झोपण्यावर किती वाचवलं आणि जेवणावर किती, याचीच चर्चा जास्त होते. खरा पैसा मात्र जागा बदलण्यात जातो. प्रत्येक नवी सीमा म्हणजे व्हिसा, तिकीट, नवं चलन, नवं सिमकार्ड आणि हातचा गेलेला एक दिवस. तीस दिवसांत दहा देश म्हणजे नऊ सीमा. त्यात जाण्या-येण्याचे दोन दिवस धरले, तर अकरा दिवस बसमध्ये, रांगेत आणि विमानतळावरच संपतात.

दुसरी गोष्ट क्रमाची. बहुतेक जण स्वस्त तिकीट दिसलं की ते काढून मोकळे होतात आणि बाकीचं सगळं त्या तारखेभोवती कसंबसं बसवतात. क्रम उलटा हवा. आधी पासपोर्ट आणि व्हिसा, मग ऋतू, मग वाट, मग पैशांचा हिशेब आणि त्यानंतर तिकीट. पुढचं सगळं त्याच क्रमाने सांगते.

१. पासपोर्ट आणि व्हिसा

पासपोर्टची मुदत बघा. अनेक देशांना प्रवेशाच्या दिवसापासून पुढे सहा महिने मुदत शिल्लक लागते. युरोपातल्या शेंगेन देशांचा, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा, नियम वेगळा आहे. तिथून बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला हवा. कोरी पानंही मोजा, कारण लांबच्या फेरीत ती भराभर संपतात.

मग एक तक्ता करा. प्रत्येक देशापुढे लिहा: व्हिसा लागतो का, तो आधी काढायचा की सीमेवर मिळतो, किती दिवसांचा आहे, फी किती आणि प्रवेश एकदाच की अनेकदा. हा शेवटचा रकाना बहुतेकांच्या तक्त्यात नसतो आणि सगळ्यात महागात तोच पडतो.

शेंगेनचंच उदाहरण घ्या. २९ देश, एकच व्हिसा, आणि आतल्या सीमांवर एरवी कुणी अडवत नाही. पण बोस्निया, सर्बिया, माँटेनेग्रो, अल्बेनिया हे त्याच्या बाहेर आहेत. एकाच प्रवेशाचा व्हिसा घेऊन क्रोएशियातून बोस्नियातलं मोस्तार बघायला गेलात, तर परत आत येता येत नाही. नकाशावर दुब्रोव्निकच्या वर बोटभर जागा बघा. समुद्रापर्यंत आलेल्या बोस्नियाच्या चिंचोळ्या पट्टीने ते शहर उरलेल्या क्रोएशियापासून तोडलेलं आहे. क्रोएशियातल्याच स्प्लिट शहराहून येणाऱ्या बसला पूर्वी नेउम या बोस्नियन गावातून यावं लागायचं. जुलै २०२२मध्ये पेल्येशाट्सचा पूल खुला झाला आणि क्रोएशियाच्या आतूनच जाता येऊ लागलं. तरीही तिकीट काढताना बस कोणत्या वाटेने जाते हे विचारून घ्याच. क्रोएशिया शेंगेनमध्ये आला तो १ जानेवारी २०२३ला, आणि रुमानिया व बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमा खुल्या झाल्या १ जानेवारी २०२५ला. त्यामुळे त्याआधी लिहिलेली प्रवासवर्णनं व्हिसाच्या बाबतीत उपयोगाची नाहीत.

शेंगेनमध्ये राहण्याची मर्यादा कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस आहे, आणि आत येण्याचा व बाहेर पडण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात. बाहेर पडलं की घड्याळ पुन्हा शून्यावर येतं, हा समज चुकीचा आहे. समजा, तुम्ही १ एप्रिलला आत गेलात आणि ३० मेला बाहेर पडलात. साठ दिवस झाले. १ ऑगस्टला परत आलात, तर मागच्या १८० दिवसांत ते साठही दिवस बसतात, म्हणून ३० ऑगस्टपर्यंतच राहता येईल. एप्रिलचे दिवस एकेक करून गळायला लागतात ते २८ सप्टेंबरपासून. युरोपीय संघाने यासाठी अधिकृत गणकयंत्र दिलं आहे, ते वापरा. व्हिसावर दिवसांचा आकडा ९०पेक्षा कमी छापला असेल, तर तोच खरा. १२ ऑक्टोबर २०२५पासून तिथे शिक्क्यांच्या जागी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद घेणारी यंत्रणा टप्प्याटप्प्याने आली आहे, त्यामुळे एखादा जास्तीचा दिवस नजरेतून सुटेल या आशेवर राहू नका.

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. सगळ्यात जास्त दिवस ज्या देशात, त्याच्याकडे अर्ज. दिवस सारखेच असतील, तर जिथे पहिलं पाऊल टाकणार त्याच्याकडे. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा वैद्यकीय विमा लागतो.

मध्य अमेरिकेतही असाच एक गट आहे. ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वादोर आणि निकाराग्वा या चार देशांचे सहसा मिळून ९० दिवस धरले जातात. आणि काही ठिकाणी देशांचा क्रमच महत्त्वाचा ठरतो. सर्बिया कोसोव्होची सीमा मानत नाही. त्यामुळे अल्बेनियातून कोसोव्होत गेलेला माणूस तिथून थेट सर्बियात शिरायला लागला, तर त्याला परत पाठवू शकतात. आधी सर्बिया, मग कोसोव्हो, मग अल्बेनिया असा क्रम लावला की प्रश्नच उरत नाही.

ई-व्हिसा काढताना सरकारी संकेतस्थळच उघडलंय ना, याची खात्री करा. शोध घेतला की वर येतात ती बऱ्याचदा मध्यस्थांची पानं असतात. दिसायला हुबेहूब सरकारी, आणि फी दुप्पट-तिप्पट. व्हिएतनामचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३पासून ९० दिवसांपर्यंत मिळतो, एका प्रवेशाला २५ डॉलर आणि अनेक प्रवेशांना ५०. अर्जात प्रवेशाची चौकी निवडावी लागते. लाओसमधून बसने जाणार असाल, तर तुमची बस जिथून सीमा ओलांडते ती चौकी यादीत आहे का, ते आधी बघा. डोंगरातल्या चौकीवर ‘यादीत नाही’ हे कळलं, तर आलेल्या वाटेने परत फिरण्यावाचून इलाज नसतो.

२. ऋतू

‘आग्नेय आशियात नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम’ असं सरसकट सांगितलं जातं. थायलंड, लाओस आणि कंबोडियाच्या बऱ्याच भागाला ते लागू पडतं. पण व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावर, ह्यूए आणि होई आनच्या भागात, पाऊस सप्टेंबर ते डिसेंबर असतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रस्त्यांवर पाणी चढतं. थायलंडमधल्या चिआंग माईत आणि उत्तर लाओसमध्ये फेब्रुवारी संपता संपता शेतं आणि रानं जाळायला सुरुवात होते, आणि एप्रिलपर्यंत धुराने डोंगर दिसेनासे होतात. दम्याचा त्रास असलेल्यांनी तर त्या महिन्यांत तिकडे जाऊच नये.

सणही बघा. व्हिएतनाममध्ये चांद्र नववर्षाच्या, म्हणजे तेतच्या आठवड्यात अख्खा देश गावी निघालेला असतो. गाड्या भरलेल्या, दुकानं बंद, भाडी चढलेली. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत कधीतरी तो येतो. त्या दिवसांत एकाच गावात मुक्काम टाकून सण बघावा, जागा बदलायला जाऊ नये. युरोपात जुलै-ऑगस्ट टाळून मे-जून किंवा सप्टेंबर धरलात, तर खिसा आणि गर्दी दोन्ही हलके होतात.

३. वाट

वाट आखताना एकच कसोटी लावा: मागे फिरावं लागतं का? जिथून निघालो तिथेच परत यायचं म्हटलं की तोच प्रवास, तेच भाडं आणि तेच दिवस दुसऱ्यांदा खर्च होतात. म्हणून एका शहरात उतरा आणि दुसऱ्या शहरातून परत निघा. विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय असतो. दोन एकेरी तिकिटांपेक्षा तो पुष्कळदा स्वस्त पडतो.

सहा-सात आठवड्यांची एक वाट सविस्तर सांगते, म्हणजे विचार कसा करायचा ते कळेल. नोव्हेंबरच्या शेवटी बँकॉकला उतरायचं. तिथून रात्रीच्या गाडीने चिआंग माई. झोपायची सोय आणि प्रवास एकाच तिकिटात होतात. पुढे बसने चिआंग खोंग, मेकाँग नदी ओलांडून लाओसमधलं हुआय साय. तिथून लुआंग प्रबांगला संथ बोट जाते. दोन दिवसांचा प्रवास, मधली रात्र पाकबेंग नावाच्या गावात. बाकं कडक असतात, पाठ अवघडते, पण दोन्ही काठांना डोंगर आणि मधूनच बाजाराची टोपली घेऊन चढणाऱ्या बायका. या वाटेवर वेळ द्यावा असं एकच ठिकाण निवडायचं झालं, तर मी हेच निवडेन.

लुआंग प्रबांगहून राजधानी व्हिएन्तियानला पूर्वी डोंगरातल्या रस्त्याने अख्खा दिवस जायचा. डिसेंबर २०२१मध्ये लाओस-चीन रेल्वे सुरू झाली आणि तेच अंतर साधारण दोन तासांवर आलं. लाओसमधून हनोईला जाणारी थेट बस मात्र चोवीस तासांच्या आसपास घेते. तरुण वयातही ती सोसवेलच असं नाही. एरवी मी जमिनीवरूनच जा म्हणते, पण या टप्प्यावर छोटं विमान घ्यायला हरकत नाही. हनोईपासून हो चि मिन्ह सिटीपर्यंत १,७२६ किलोमीटरचा लोहमार्ग आहे. तो तुकड्यातुकड्याने करा, वाटेत ह्यूए आणि होई आनसाठी उतरा. पोचेपर्यंत जानेवारी उजाडतो आणि मधल्या किनाऱ्यावरचा मोठा पाऊस सरलेला असतो. मग बसने कंबोडियातलं नॉम पेन्ह, तिथून सिएम रीप आणि परतीचं विमान तिथूनच.

बँकॉकला परत का नाही? पूर्वी सगळे सिएम रीपहून बसनेच बँकॉकला परतायचे. २०२५मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर संघर्ष पेटला आणि जमिनीवरच्या चौक्या प्रवाशांना बंद झाल्या. ज्यांचं परतीचं तिकीट बँकॉकहून होतं, त्यांना ऐन वेळी विमानाचे पैसे मोजावे लागले. म्हणून प्रत्येक सीमेला एक पर्याय लिहून ठेवा आणि तिथे पोचण्याच्या आठवडाभर आधी ती उघडी आहे ना, याची बातमी काढा.

नकाशावर शेजारी दिसणाऱ्या देशांमध्ये रस्ता असेलच असंही नाही. पनामा आणि कोलंबियामध्ये डॅरिएनचं जंगल आहे. अलास्कापासून अर्जेंटिनापर्यंत जाणारा पॅन-अमेरिकन महामार्ग तिथे साधारण शंभर किलोमीटर तुटलेला आहे. ते पायी ओलांडायचा विचारही करू नका. तिथे विमान किंवा बोट, आणि त्याचा खर्च पहिल्याच दिवशी हिशेबात धरायचा.

४. हिशेब

खर्चाचे चार कप्पे करा. पहिला, निघण्याआधीचा: विमान, व्हिसा, विमा, लसी, सॅक-बूट. दुसरा रोजचा: बेड, जेवण, शहरातल्या शहरात फिरणं. तिसरा जागा बदलण्याचा. चौथा मोठ्या हौशींचा. सिएम रीपजवळच्या अंगकोरच्या मंदिरांचं एका दिवसाचं तिकीट ३७ डॉलर आहे आणि तीन दिवसांचं ६२. असे आकडे ‘रोजच्या’त घातले की सगळी सरासरी कोलमडते.

तिसरा कप्पा वेगळा काढण्याचं कारण आकड्यांतून दिसतं. समजा, तीस दिवस, रोजचे ४५ युरो आणि देश बदलण्याच्या प्रत्येक प्रवासाला सरासरी ३५ युरो. दहा देशांसाठी नऊ वेळा हलायचं, म्हणजे ३१५ युरो. चार देशांसाठी तीनदा, म्हणजे १०५. उरलेल्या २१० युरोंत आणखी जवळजवळ पाच दिवस राहता येतं. यात व्हिसाची फी अजून धरलेलीच नाही. शिवाय एका जागी आठवडाभर राहिलं की बेडचा दर उतरतो, स्वयंपाकघरात डाळ-तांदूळ साठवता येतात आणि स्वस्त खाणावळ कुठे ते कळलेलं असतं.

रोजचा आकडा देशागणिक वेगळा ठेवा. स्वित्झर्लंड आणि नॉर्वेमध्ये तीन दिवसांत जेवढं खर्च होतं, तेवढ्यात अल्बेनिया किंवा बोस्नियात आठवडा सहज निघतो. महागडे देश गाळायलाच हवेत असं नाही, पण तिथे दिवस मोजून द्या आणि ते फेरीच्या सुरुवातीला ठेवा. शेवटी ठेवलेत तर हात आखडता घेऊन फिरावं लागतं आणि बघायला आलेलं बघणं राहून जातं. एकूण बेरजेवर पंधरा-वीस टक्के वर धरा. त्याखेरीज अचानक घरी परतायची वेळ आली तर लागेल एवढी तिकिटाची रक्कम निराळ्या खात्यात ठेवा. ही रक्कम जमली नसेल, तर प्रवास दोन महिने पुढे ढकला. मी या बाबतीत कुणालाही सूट देत नाही.

५. तिकिटं

स्वस्त विमानाचं तिकीट दिसतं त्यापेक्षा महाग असतं. ते विमान कुठे उतरतं ते पाहा: ‘पॅरिस’ म्हणून विकलं जाणारं बोव्हे विमानतळ पॅरिसपासून ८० किलोमीटरहून जास्त लांब आहे. सिएम रीपचं २०२३मध्ये सुरू झालेलं नवं विमानतळही शहरापासून बरंच दूर आहे. बसचं भाडं तिकिटात मिळवून मगच तुलना करा. सामानाचे नियमही वाचा. आशियातल्या बऱ्याच स्वस्त कंपन्या केबिनमध्ये ७ किलोच नेऊ देतात, आणि युरोपात मूळ भाड्यात फक्त सीटखाली मावेल एवढी पिशवी येते.

वेगवेगळ्या कंपन्यांची दोन तिकिटं जोडून प्रवास करणार असाल, तर पहिलं विमान उशिरा आल्याने दुसरं चुकलं तरी दुसऱ्या कंपनीवर कसलीही जबाबदारी नाही. मध्ये सामान ताब्यात घेऊन परत द्यायचं असेल, तर त्या देशात रीतसर प्रवेश करावा लागतो, म्हणजेच कदाचित व्हिसाही लागतो. विमानतळावरच अडकून पडलेले कित्येक जण या एका गोष्टीमुळे अडकलेले असतात. अशा जोडणीत मध्ये एक रात्र ठेवलेली बरी.

एकेरी तिकिटावर जाताना पुढच्या प्रवासाचा पुरावा काउंटरवरच मागितला जाऊ शकतो. चुकीच्या कागदपत्रांवर माणूस नेला तर परत आणण्याचा भुर्दंड कंपनीलाच बसतो, म्हणून तिथे हुज्जत घालून उपयोग नसतो. पुढच्या देशाचं स्वस्त बसचं तिकीट जवळ असलं की बऱ्याचदा काम होतं. ते चालेल का, हे त्या कंपनीला आधी विचारा.

युरोपातल्या रेल्वे पासबद्दल थोडक्यात: युरोपात राहणाऱ्यांसाठी इंटररेल, बाहेरच्यांसाठी युरेल, आणि २७ वर्षांपर्यंतच्यांना सवलत. पास असला तरी फ्रान्स, इटली आणि स्पेनच्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे पडतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये बहुतेक गाड्यांत तसंच चढता येतं. तारखा पक्क्या असतील तर आधी काढलेली सुटी तिकिटं आणि लांब पल्ल्याच्या बस स्वस्त पडतात. मनाला येईल तसं फिरायचं असेल तेव्हाच पास घ्या.

६. मुक्काम

तरुणांसाठी हॉस्टेल ही कल्पना रिशार्ड शिरमान या जर्मन शिक्षकाची. विद्यार्थ्यांना घेऊन पायी फिरताना रात्री निवारा मिळेना, म्हणून त्याने आल्टेनाच्या किल्ल्यात १९१२मध्ये पहिलं कायमचं हॉस्टेल उभं केलं. आजही हॉस्टेलचा खरा फायदा स्वस्त बेडइतकाच स्वयंपाकघराचा आणि तिथे भेटणाऱ्या माणसांचा आहे. पुढच्या सीमेवर कालच काय झालं, हे समोरच्या बेडवरचाच माणूस सांगतो.

सगळी बुकिंग आधी करू नका. प्रत्येक देशातल्या पहिल्या दोन रात्री पक्क्या ठेवा, बाकीच्या मोकळ्या. एकूण गुण बघून निवड करण्यापेक्षा गेल्या दोन-तीन महिन्यांतली वाईट परीक्षणं वाचा. ढेकूण, तुटलेले लॉकर, रात्री दार उघडं राहणं या तक्रारी दोनदा दिसल्या तर पुढे चला. कुलूप स्वतःचं न्या. मुलींनी फक्त मुलींसाठीची डॉर्म, म्हणजे अनेक बेडची खोली, आहे का ते पाहावं, आणि नव्या शहरात सगळ्यांनीच उजेडी पोचावं. रात्री अकराला बसस्थानकावर उतरलेल्या माणसाकडून टॅक्सीवाले सांगतील तो भाव घेतात.

हॉस्टेलमध्ये काम करून मोफत राहण्याची सोय बरेच जण शोधतात. पर्यटक व्हिसावर असं काम करणं अनेक देशांत बेकायदा धरलं जातं, पगार नसला तरीही. सीमेवर ‘मी तिथे मदत करायला आलोय’ असं भाबडेपणाने सांगून परत पाठवले गेलेले तरुण आहेत. नियम आधी वाचा.

फुकट मिळणारी दारू घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. नोव्हेंबर २०२४मध्ये लाओसमधल्या वांग व्हिएंग या गावात मेथॅनॉल मिसळलेल्या दारूने सहा परदेशी पर्यटक दगावले, त्यात कोवळ्या वयाची मुलं-मुली होती. मेथॅनॉल चवीवरून ओळखू येत नाही. सीलबंद बाटली किंवा कॅनशिवाय काहीही नको. दारूनंतर नजर धूसर झाली किंवा श्वास जड झाला, तर तासभरही वाट न पाहता हॉस्पिटल गाठा.

७. विमा, लसी, औषधं

विमा घेताना रकमेपेक्षा वगळलेल्या गोष्टींची यादी आधी वाचा. दुचाकी कोणत्या अटीवर, ट्रेकला किती उंचीपर्यंत, स्कूबा आहे का, रुग्णाला मायदेशी आणण्याचा खर्च आहे का. आग्नेय आशियात तरुण प्रवासी सगळ्यात जास्त जायबंदी होतात ते भाड्याच्या स्कूटरवर. दुचाकीचा वैध परवाना नसेल तर विमा कंपनी दावा सरळ नाकारते. व्हिएतनाम रस्ते वाहतुकीच्या १९६८च्या करारानुसार दिलेला आंतरराष्ट्रीय परवानाच मानतो, १९४९चा नाही. तुमच्याकडे कोणता आहे, ते त्याच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं. भाड्याने देणारा परवाना मागत नाही, याचा अर्थ तो लागत नाही असा नव्हे. आणि स्कूटरसाठी पासपोर्ट कधीही गहाण ठेवू नका.

लसींसाठी डॉक्टरकडे निघण्याच्या सहा ते आठ आठवडे आधी जा, कारण काहींचे दोन-तीन डोस असतात. पीतज्वराची (यलो फीव्हरची) लस प्रवेशाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि तिचं प्रमाणपत्र २०१६पासून आयुष्यभर चालतं. हा रोग असलेल्या देशातून पुढे जाताना ते मागितलं जातं, म्हणजे इथेही देशांचा क्रम आलाच. कुत्रा किंवा माकड चावलं, तर जखम पंधरा मिनिटं साबणाने धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा.

रोजची औषधं मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीसह न्या. एका देशात साधं असलेलं औषध दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकतं. एकाग्रतेच्या विकारावर दिली जाणारी अॅम्फेटामाइनची औषधं जपानमध्ये चिठ्ठी असली तरी नेता येत नाहीत. थायलंड आणि सिंगापूरमध्ये ई-सिगारेटवर बंदी आहे, नुसती जवळ सापडली तरी दंड होतो.

८. पैसे आणि फोन

दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं न्या आणि ती कधीच एका पाकिटात ठेवू नका. एटीएमने किंवा दुकानातल्या यंत्राने ‘तुमच्या देशाच्या चलनात पैसे घेऊ का’ असं विचारलं, तर नेहमी नाही म्हणा आणि स्थानिक चलन निवडा. त्या सोयीच्या नावाखाली वाईट दर लावला जातो. परदेशी कार्डाला दर वेळी ठरावीक आकार पडत असेल, तर थोडे थोडे पैसे काढण्यापेक्षा एकदाच जास्त काढा. सोबत काही कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा ठेवा. कंबोडियात डॉलर सर्रास चालतात, पण जराशी फाटलेली नोट कुणी घेत नाही.

आता एक अडचण जी निघण्याआधी कुणाच्या लक्षात येत नाही. बँकेचा ओटीपी घरच्या सिमवर येतो. परदेशात ते सिम काढून ठेवलंत, तर विमानाचं तिकीटही काढता येत नाही. निघण्याआधी रोमिंगवर संदेश येतात ना ते बँक आणि मोबाइल कंपनीकडून पक्कं करा, आणि डेटासाठी दुसरं सिम किंवा ई-सिम वापरा. पासपोर्ट, व्हिसा, विमा यांच्या प्रती ईमेलवर, फोनमध्ये आणि घरी एका विश्वासू माणसाकडे ठेवा. नकाशे आधीच उतरवून घ्या, कारण सीमेवर नेट हमखास जातं.

९. सॅक

चाळीस लिटरची सॅक पुरते, मग प्रवास दोन आठवड्यांचा असो की सहा महिन्यांचा. कपडे आठवडाभराचे न्यायचे आणि धुवत राहायचं. भरलेली सॅक पाठीवर घेऊन तासभर चाला, जिने चढा. जड वाटली तर घरीच काढा. पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंतची सहसा चालते, आणि २०,००० एमएएचची नेहमीची बँक साधारण ७४ वॉट-अवरची असते. प्लगचा अडॅप्टर मार्गातल्या सगळ्या देशांचा बघा. मलेशिया आणि सिंगापूरचे तीन चौकोनी पिनांचे सॉकेट थायलंडपेक्षा वेगळे आहेत.

शेवटचा आठवडा फक्त तपासणीचा. व्हिसावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा. पहिल्या रात्रीचा पत्ता त्या देशाच्या लिपीत कागदावर लिहून घ्या, फोन बंद पडला तरी तो रिक्षावाल्याला दाखवता येतो. घरच्यांना वाटेची प्रत द्या, आणि कोणत्या वारी फोन करणार ते आधीच ठरवा.